मध्यवर्तुळातला खांब

"लगीन न्हाई, पोर न्हाई. आता हिची वटी भरायची कशी, ते तरी सांगा कुनीतरी."

माझ्या डाव्या कानाशीच कुणीतरी हे पुटपुटलं. वळून पाहिलं तर मनुबाई, कॉलेज चालवणाऱ्या संस्थेचे अध्यक्ष लालासाहेब यांच्या पत्नी. मांडीवर ताट, ताटात खण, नारळ, तांदूळ, हळकुंड, सुपारी, आणि चेहऱ्यावर सकाळपासून कुणी चहासुद्धा विचारला नसल्यासारखा वैताग. मी वळलेली पाहून त्यांनी ते मलाच ऐकवायचं ठरवलं असावं. "आनि त्यांच्यात भरत्यात का वटी, ते बी ठावं न्हाई. मालकास्नी इचारलं, तर म्हनले, वटी भर आन् गप बस, जास्त बोलू नगंस." 'त्यांच्यात' म्हणताना त्यांचा आवाज खाली गेला, एखाद्या आजाराचं नाव घेताना जातो तसा. आमच्या बाई, मुक्ताबाई बनसोडे, छप्पन्न सालच्या सुमारास वडिलांबरोबर बौद्ध झाल्या, त्याला आता चाळीस वर्षं होत आली. पण एवढा एक शब्द आमच्याकडे अजून खालच्या आवाजातच बोलतात. मी म्हणणार होते, की मनुबाई, ज्या बाईनं आम्हाला बास्केटबॉल शिकवला तिचा सत्कार आहे हा, ओटी कुठून काढली तुम्ही मधेच? पण तेवढ्यात माझी नजर समोर गेली आणि वाक्य तोंडातच राहिलं. मांडवाचा मधला खांब मध्यवर्तुळात रोवलेला होता.

मैदानाच्या बरोबर मधोमध फक्कीनं एक गोल आखतात, तिथे पंच चेंडू वर उडवतो आणि सामना सुरू होतो. त्या गोलात. पहारीनं खणलेला वीतभर रुंद खड्डा, बाजूला उकरलेल्या तांबड्या मुरमाचा ढीग, आणि त्यात गुलाबी कापड गुंडाळलेला खांब. असे खड्डे मग मला सगळीकडेच दिसायला लागले. दोन्ही कडांना, फ्री थ्रोच्या रेषेवर, आणि एक तर अगदी रिंगच्या खाली. स्टेज रिंगखालीच बांधलं होतं. बोर्डाला सत्काराचा फलक ठोकलेला, रिंगमधून झेंडूची माळ सोडलेली. सकाळच्या एसटीनं सांगलीहून साताऱ्याला येताना मी किती शहाण्यासारखी मनाला समजावत आले होते, की उशिरा का होईना, निवृत्त होता होता का होईना, कॉलेजला बाईंची आठवण झाली ना, मग आपण नाक मुरडायचं नाही. आणि इथे बघते तर हे. गवयाचा सत्कार करायचा आणि हार ओवायला त्याच्याच तानपुऱ्याच्या तारा तोडायच्या. मी तापायला लागले. एप्रिलचं ऊन होतं, कापडाच्या छताखाली कोंडलेली हवा होती, पण तापण्याचं कारण ते नव्हतं.

हे मैदान कुणी बाईंना तयार करून दिलेलं नव्हतं. त्या लागल्या तेव्हा वसतिगृहामागे नुसता चढउताराचा माळ होता. मे महिन्यात कॉलेज ओस पडायचं तेव्हा आमचा हंगाम सुरू व्हायचा. डोंगराकडून बैलगाडीनं मुरूम यायचा, तो आम्ही घमेल्यांनी पसरायचा, विहिरीपासून रांग लावून बादल्या पुढे सरकवायच्या, आणि माती ओली असतानाच दगडी रूळ दोरखंडानं ओढायचा. हाताला फोड यायचे. माझी आई कपाळाला हात लावायची. "बैलाची कामं करायला कालेजात घातलंया व्हय गं तुला?" बाईंना हे कुणीतरी सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "ज्यानं रूळ ओढला त्याचं मैदान. बाकीचे पाहुणे." वडील फौजेत सुभेदार, त्यामुळे बाईंचं लहानपण छावण्यांमधून गेलेलं, आणि खेळ तिथल्या जवानांचा बघून बघून उचललेला. त्यांच्या मराठीत मधेच 'पोझिशन' यायचं, 'तैयार?' यायचं. मैदानावर पाऊल टाकताना चप्पल बाहेर. प्राचार्य आले तरी बाहेर. एकदा विद्यापीठाचे कुणी साहेब बूट घालून आत आले, तेव्हा बाई त्यांच्याशी अतिशय नम्रपणे बोलत बोलत त्यांना कडेपर्यंत घेऊन गेल्या आणि उरलेलं बोलणं रेषेबाहेर उभं राहून पूर्ण केलं. आज सगळे पाहुणे बूट-चपलांसकट आत. फक्त बाई आल्या, कडेला थांबल्या, रेष पुसली गेली होती तरी जिथे ती असते तिथेच थांबल्या, चपला काढल्या, आणि अनवाणी चालत स्टेजवरच्या सोफ्यावर जाऊन बसल्या. फोटोग्राफर म्हणाला, "मॅडम, चपला राहिल्या." सगळे हसले. मधल्या खांबापाशी बाईंची चाल जराशी अडखळली. तेवढं मला दिसलं. त्यानंतर मला त्या अर्ध्याच दिसत होत्या, कारण माझ्या खुर्चीच्या आणि त्यांच्या बरोबर मधे तो गुलाबी खांब येत होता.

खांब टाळायला मी मान वाकडी केली आणि नकळत डावा पाय घट्ट रोवला. ही सवय बाईंचीच. "एक पाय रुतव, दुसरा फिरव. रुतलेला उचललास तर चेंडू गेला." सांगलीच्या माझ्या स्वयंपाकघरात ओट्यापासून फळीपर्यंत मी अशीच वळते. सासूबाई असेपर्यंत म्हणायच्या, "काय गं भवऱ्यावानी फिरतीस!" त्यांना काय सांगणार, की हे साताऱ्याचं शिक्षण आहे. दुसऱ्या वर्षाच्या परीक्षेआधीच माझं लग्न ठरलं, पुस्तकं गेली, पुढचं सगळं मी नगरवाचनालयातून घरी आणून, भाजी शिजेपर्यंतच्या वेळात शिकले. पण पाय मात्र गुरूकडून शिकलेला. आणि नाव. माहेरी मी हौसा. लग्नात तांदळाच्या ताटात यजमानांनी अंगठीनं 'वैशाली' लिहिलं, मला विचारलंही नाही. त्यांना बहुधा तेव्हाच्या कुठल्या तरी नटीच्या चेहऱ्याची आवड असावी. तो चेहरा माझा नव्हता, हे दोघांनाही पुढे कळलं. सगळ्याच मुलींचं असं झालं. रंजना गेली ती पल्लवी झाली, इंदू गेली ती अजून काहीतरी. बाईंना याचा कधी त्रास झाला नाही, कारण बाई आम्हाला नंबरानंच हाक मारायच्या. मी सात. राजेश्वरी नऊ. चार नंबर म्हणजे कप्तान. तेव्हा आम्हाला ते फार कोरडं वाटायचं, तुरुंगातल्यासारखं. नंतर कधीतरी, दोन लेकरं झाल्यावर, सांगलीच्या बाजारात मागून हाक आली, "सात!" आणि मेथीची जुडी हातातून सुटली. विभागीय स्पर्धेसाठी बाई पोरी घेऊन आल्या होत्या. रस्त्यात उभं राहून त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे न बघता आधी माझ्या पायाकडे बघितलं. "वजन टाचेवर आलंय," म्हणाल्या. त्या रात्री मला रडू आलं ते कशाचं, हे यजमानांना समजावता आलं नाही. जगात एकाच माणसाकडे माझं न बदललेलं नाव होतं.

भाषणांआधी चहा झाला, तेव्हा टेबलापाशी राजेश्वरी भेटली. ती इथेच दिली, तिचे यजमान याच कॉलेजात प्राध्यापक, सत्कार समितीत तीही. जरीच्या काठाशी चाळा करत होती. मी म्हटलं, "नऊ, हे खड्डे बघितलेस का?" तर म्हणाली, "अगं, मांडववाल्याला काय कळतंय." मी म्हटलं, "मांडववाल्याला नाही, पण तुला?" ती म्हणाली, "तू किती बारीक झालीस गं!" मी बारीक झालेली नाही. मी विचारलं, "जूनपासून पोरींना कोण घेणार? बाईंच्या जागी कुणी आलंय का?" तिनं माझा कोपर धरला. "आधी आपण सगळ्या मिळून फोटो काढू या, मग सावकाश बोलू." फोटो काढला. बोलणं राहिलं. मग मी आत्ताच्या कप्तान मुलीला गाठलं, अक्षता नाव तिचं, वडूजकडची, काटक, गुडघ्यावर मुरमाची जुनी खूण असलेली. हारांचं तबक घेऊन उभी होती. तिला तेच विचारलं. ती म्हणाली, "ठावं न्हाई मॅडम. सर म्हनत्यात बघू." मग जरा थांबून, "महिना झाला, सामानाच्या खोलीला दुसरं कुलूप लावलंय. बॉल आतच हायती." आणि मागे वळून बघितलं, कुणी ऐकलं का ते. खेळाडू मुलीची मान अशी वळलेली मला आवडत नाही. खेळताना मान वळते ती चेंडूसाठी.

भाषणं सुरू झाली. एकानं बाईंना मातृतुल्य म्हटलं. दुसऱ्यानं ज्येष्ठ भगिनी केलं. प्राचार्य म्हणाले, बाईंच्या हाताखालून गेलेल्या मुली आज उत्तम गृहिणी आहेत, संस्कारांचं हे धन बाईंनी दिलं. मी मनात म्हटलं, साहेब, बाईंनी मला समोरच्या मुलीच्या अंगावर न जाता तिला रेषेबाहेर कसं ढकलायचं ते शिकवलं, त्याला संस्कार म्हणत असाल तर ठीक आहे. एका वक्त्यानं व्हॉलीबॉल म्हटलं, कुणी दुरुस्त केलं नाही. किती सामने जिंकले, कुणाकुणाला हरवलं, कुठल्या मुली पुढे विद्यापीठाच्या संघात गेल्या, एक अक्षर नाही. राजेश्वरी बोलायला उभी राहिली तेव्हा मी खुर्चीत पुढे सरकले. ती एकाहत्तरच्या सांगलीच्या सामन्यात होती, माझ्या उजव्या हाताला. तिनं सांगितलं, की बाई आम्हाला दौऱ्यावर स्वतःच्या हातानं वेण्या घालून द्यायच्या. बाईंनी जन्मात कुणाची वेणी घातली नाही. "केस बांधा, नाहीतर कापा," एवढंच म्हणायच्या. टाळ्या पडल्या. मग बाईंना घड्याळ दिलं, भिंतीवरचं, काचेच्या आत संस्थापकांचा फोटो, काटे त्यांच्या नाकापाशी जोडलेले. मनुबाई माझ्या कानात म्हणाल्या, "आमच्या घरात असली चार हायती." मला हसू आलं आणि हसू आल्याचाच संताप आला.

आणि त्या संतापात, कसं कोण जाणे, एकदम उजेड पडल्यासारखं झालं. इतका वेळ मी समजत होते की हे अडाणीपणानं झालंय. लोकांना कळत नाही म्हणून खणलं. पण मागे कॉलेजच्या शिपायांच्या क्रिकेटची खेळपट्टी होती, दोरी बांधून जपलेली, तिच्यावर एक खुर्चीसुद्धा कुणी ठेवली नव्हती. मुलांच्या कबड्डीच्या मैदानावर गाड्या लावल्या नव्हत्या. म्हणजे कळत होतं. ज्याला उद्या मळणी करायचीय तो खळ्यात खड्डा खणत नाही. हे मैदान ज्यांनी खणलं त्यांना इथे पुन्हा कुणी खेळणार नाही हे ठाऊक होतं. कुलूप, 'बघू', राजेश्वरीचा तो फोटो, मनुबाईंना दिलेली 'गप बस'ची ताकीद, सगळं एका ओळीत येऊन उभं राहिलं. बाईंबरोबर पोरींचा खेळही निवृत्त होत होता, आणि ते बाईंना सांगायची हिंमत नसल्यामुळे त्यांच्या गळ्यात हार घालत होते. इथे बसलेल्या निम्म्या लोकांना हे माहीत होतं. आता मलाही माहीत झालं होतं, आणि मीही इतरांसारखीच टाळ्या वाजवत होते.

न बोलण्यात आम्ही मुळातच तरबेज. तो एकाहत्तरचा सांगलीचा सामना नेमका हरतालिकेला आला होता. स्पर्धेची तारीख ठरवणारे पुरुष, त्यांना कशाला आठवतंय. आम्ही सगळ्या आदल्या रात्रीपासून निर्जळी, चांगला नवरा मिळावा म्हणून. दुपारी शाळेच्या ज्या वर्गात उतरलो होतो तिथे एक पोरगी चक्कर येऊन बाकावर आडवी झाली. बाई आत आल्या, बघितलं, गेल्या, आणि थोड्या वेळानं एक कळशी घेऊन आल्या. स्वतः नळावर भरलेली, स्वतःच्या सामानातली. त्यावर पेला. कळशी त्यांनी वर्गाच्या मधोमध ठेवली. आता यात अडचणी दोन होत्या. एक उपास. दुसरी खालच्या आवाजातली. आमच्यातल्या कितीजणींच्या आयांनी घरून निघताना बजावलं होतं, पाणी आपापलं प्यायचं. बाईंना दोन्ही ठाऊक होतं. त्या म्हणाल्या, "उपास तुमचा आहे, तो मोडा असं मी म्हणणार नाही. पण कोरड्या अंगाची मुलगी मी उन्हात उतरवणार नाही. मी पाठ फिरवते. मला काही बघायचं नाही." आणि खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिल्या, दोन्ही हात मागे बांधून, फौजेत उभं राहतात तशा. त्यांच्या पाठीवर घामाचा एक लांबट डाग होता. बराच वेळ काही झालं नाही. मग पेल्यावर कुणाची तरी बांगडी वाजली. मी डोळे मिटून घेतले होते, सगळ्यांनीच घेतले असावेत. पाणी कोमट होतं, नळाच्या लोखंडाची चव होती. बाई वळल्या तेव्हा कळशी रिकामी होती आणि आम्ही अकराजणी बुटांच्या नाड्या बांधत होतो. "तैयार?" एवढंच त्या म्हणाल्या. सामना आम्ही असा मारला, की सांगलीच्या पोरींनी शेवटी आमच्याकडे बघायचं सोडून दिलं. घरी सगळ्याजणींनी सांगितलं, उपास पार पडला. तो पुरता न झाल्यानं नवरा असा मिळाला का, असा विचार मी कधीकधी करते. पण ज्यांनी आयुष्यभर कडक निर्जळी केली त्यांचेही काही फार निराळे निघालेले नाहीत. त्या दिवसाबद्दल आम्ही आपसातसुद्धा कधी अवाक्षर काढलं नाही. बाईंनी पाठ फिरवून आम्हाला आडोसा दिला होता, आणि आम्ही तो आडोसा पंचवीस वर्षं वापरत राहिलो.

"आता सत्कारमूर्तींनी दोन शब्द बोलावेत, त्यानंतर मनुबाई ओटी भरतील," अशी घोषणा झाली. मनुबाई ताट सावरून उठू लागल्या, मग बसल्या. बाई माइककडे गेल्याच नाहीत. स्टेजच्या पायऱ्या उतरून अनवाणी चालत सरळ मध्यवर्तुळात आल्या आणि खांबाला एक हात लावून उभ्या राहिल्या. आता त्या मला पूर्ण दिसत होत्या. केस पांढरे, कापलेले, मान ताठ. त्यांचा आवाज पहिल्यापासून बारीक; मैदानावर शिट्टी बोलायची. लोकांना ऐकण्यासाठी गप्प व्हावं लागलं.

"आभारी आहे," बाई म्हणाल्या. "घड्याळ चांगलं आहे. एक विचारायचं होतं. हे खड्डे कोण बुजवणार?"

मोठा हशा झाला. लालासाहेब स्टेजवरूनच म्हणाले, "बाई, तुमची शिस्त काय जायाची न्हाई बघा! मांडववाला बुजवंल की."

"मांडववाला माती लोटतो. माती बसते, पोरीचा पाय मुरगळतो. मुरूम कोण भरणार? रूळ कोण ओढणार?"

"बघू की, बाई."

"जूनमध्ये मुली येतील. त्यांना कोण घेणार?"

या वेळी हसू जरा कमी लोकांना आलं. प्राचार्यांनी कोटाला लावलेलं गुलाबाचं फूल नीट केलं. कुणीतरी माइकवर फुंकर मारून बघितली. बाई तिथेच. मी त्यांच्या पायांकडे बघितलं. डावा पाय उकरलेल्या मुरमात रुतलेला, आणि उजवा पाय हळूच फिरवत त्या एकेका रांगेकडे तोंड करत होत्या. आज त्या पाठ फिरवणार नव्हत्या. हे माझ्या लक्षात आलं.

"नऊ?" बाई म्हणाल्या.

राजेश्वरीनं मान खाली घातली. साडीचा काठ तिनं इतका घट्ट पिळला होता, की जरीची तार मोडली असेल.

अक्षता तबक घेऊन दोन हातांच्या अंतरावर उभी होती, पण बाईंची नजर तिच्यावरून थांबल्याशिवाय पुढे गेली. त्या मुलीची परीक्षा व्हायची होती. आणि ती याच लोकांच्या हातात होती. एवढा हिशोब बाईंचा कायम पक्का.

"सात?"

मी उभी राहिले. पंचवीस वर्षांत त्या हाकेला मी बसून कधी उत्तर दिलेलं नाही. मला सगळं ठाऊक होतं. वाक्यसुद्धा तयार होतं, चार शब्दांचं. पण समोर सोफ्यावरची माणसं माझ्याकडे बघत होती, यजमानांच्या ओळखीची एक-दोन होती त्यांत, आणि माझी जीभ त्या दिवशीच्या वर्गातल्यासारखी टाळूला चिकटली होती. बाई वाट बघत होत्या. घाई करत नव्हत्या. चेंडू माझ्या हातात होता आणि मला तो कुणाकडे टाकावा कळत नव्हतं.

शेजारी ताट खणखणलं. मनुबाई उठल्या होत्या. नारळ घरंगळत माझ्या पायाशी आला, तांदूळ मुरमात सांडले. डोक्यावरचा पदर त्यांनी मागे ढकलला आणि स्टेजवरच्या आपल्या नवऱ्याकडे बघून, अख्ख्या मांडवाला ऐकू जाईल अशा आवाजात त्या म्हणाल्या,

"आवं, पोरींचा खेळ बंद केलाय म्हनून सांगा की तिला सरळ! माझ्या वटीच्या ताटाआड कशापायी लपतायसा?"